पिक्चर संपला, आता तू बोल

अगं, सुट्टीच्या दिवशी घरात सगळे मिळून पिक्चर बघता, संपल्यावर जो तो आपलं मत ठणकावून सांगतो आणि तू तेवढी गप्प बसतेस, असं तू परवा फोनवर म्हणालीस. वर "माझं मत ऐकून कुणाला काय करायचंय, ताई" असंही म्हणालीस. ते काही माझ्या मनातून गेलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सिनेमाबद्दलचं आपलं मत घरात सगळ्यांसमोर सांगता येणं ही बाईमाणसानं लवकर अंगी बाणवावी अशी गोष्ट आहे, असं मी अगदी मनापासून मानते. फ्लॅट कुठे घ्यायचा, मुलीला कोणत्या शाळेत घालायचं, आईच्या ऑपरेशनच्या वेळी माहेरी किती दिवस राहायचं, हे विषय निघतात तेव्हा इतकी वर्षं गप्प राहिलेल्या बाईची जीभ एकाएकी सैल होत नाही. आणि घरातल्यांनाही तिचं ऐकायची सवय नसते. दोघांनाही ती सवय लावायला पिक्चरएवढी सोयीची जागा नाही. तिथे कुणाचा पैसा अडकलेला नसतो, कुणाचा मान पणाला लागलेला नसतो. मत पटलं नाही तरी रात्रीचं जेवण सगळे एकत्रच करतात.

त्यातून आपलं नागपूर. एप्रिल-मे महिन्यात पारा 45च्या आसपास गेला की दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. ज्या खोलीत कुलर, त्या खोलीत अख्खं घर. पूर्वी लिबर्टी, स्मृती, पंचशीलला पिक्चर बघून यायचे लोक आणि चर्चा व्हायची ती टॉकीजच्या बाहेर नाहीतर परतीच्या वाटेवर. घरी मुलांजवळ किंवा आजारी माणसाजवळ थांबलेली बाई त्या चर्चेत नसायचीच. आता पिक्चर घरातल्या हॉलमध्ये येऊन बसलाय, तर चर्चाही तुझ्या दारात आली आहे. ती सोडू नकोस.

एक साधी सोय आधी करून ठेव. कुलरच्या घरघरीत अर्धे संवाद ऐकू येत नाहीत, मग "काय म्हणाला, काय म्हणाला" यातच निम्मा वेळ जातो. सबटायटल लावून ठेव. सासऱ्यांना आधी त्रास वाटेल, पण हळूहळू सवय होते आणि मल्याळम, तमिळ, बंगाली पिक्चरांची वाटही मोकळी होते. आणि आणखी एक. सगळ्यांबरोबर बघायला बसलीस की पूर्ण बस. मधे भाजीला फोडणी द्यायला, पाणी आणायला, कणीक मळायला उठत राहिलीस तर तुझ्या वाट्याला अर्धाच पिक्चर येतो आणि अर्ध्या पिक्चरवर मत मांडायला आपलं आपल्यालाच अवघड वाटतं. त्या दिवशी आधीच खिचडी टाकून ठेव, नाहीतर सगळ्यांना सांगून टाक की जेवण पिक्चर संपल्यावर, सगळे मिळून करू.

आता बोलायचं कसं? "छान होता", "बोर होता", "टाइमपास होता" या तीन शेऱ्यांवर बहुतेक घरांतली चर्चा आटोपते. त्यापुढे जायचं असेल तर निकाल देऊ नकोस, प्रसंग सांग. कोणता प्रसंग लक्षात राहिला आणि तिथे तुला काय वाटलं, एवढंच. हे सांगायला सिनेमाचं शिक्षण लागत नाही, आणि "तुला काय कळतं त्यातलं" असं त्यावर कुणाला म्हणताही येत नाही, कारण तू जे पाहिलंस ते पाहिलंस.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' घे. 2014 साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला, नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला सिनेमा. गटार साफ करणाऱ्या एका कामगाराचा मृत्यू होतो आणि त्याला आत्महत्येला प्रवृत्त करणारं गाणं गायल्याचा आरोप ठेवून एका म्हाताऱ्या लोकशाहिरावर खटला चालतो. तो घरी लावलास तर पंधराव्या मिनिटाला कुणीतरी नक्की म्हणेल, "काय लावून राहिले हे? काही होऊनच नाही राहिलं!" त्यांचंही चूक नाही. कॅमेरा एका जागी ठेवलेला, तारखांवर तारखा, कुणी ओरडत नाही, पार्श्वसंगीत नाही. अशा वेळी "हा ग्रेट पिक्चर आहे, तुम्हाला कळत नाही" असं म्हटलंस की संपलं सगळं. त्यापेक्षा सरकारी वकीलबाईंकडे बोट दाखव. गीतांजली कुलकर्णी यांनी ते काम केलंय. कोर्टात कायद्याची कलमं एका सुरात वाचून दाखवणारी ही बाई संध्याकाळी लोकलमध्ये सोबतच्या बाईशी साडीबद्दल बोलते, नवऱ्याच्या मधुमेहाला कोणतं तेल चांगलं यावर बोलते, मुलाला घेऊन घरी येते आणि लगेच ओट्याशी उभी राहते. दिवसभर एका माणसाला तुरुंगात ठेवण्यासाठी युक्तिवाद करून आलेली बाई तुझ्यामाझ्यासारखाच स्वयंपाक करते. तू एवढंच म्हण की मला हा प्रसंग बघताना कसंतरीच झालं, कारण ती वाईट बाई वाटतच नाही. बघ, हॉलमधलं बोलणं कुठल्या कुठे जातं ते.

आणि हेही सांग की त्यातला शाहीर नारायण कांबळे ज्यांनी उभा केला ते वीरा साथीदार आपल्या नागपूरचे. आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते, कवी, 'विद्रोही' मासिकाचे संपादक. एप्रिल 2021मध्ये कोरोनानं गेले ते. आपल्याच गावातला हा माणूस जगभरच्या पडद्यांवर जाऊन आला आणि आपल्यातल्या कितीतरी घरांत त्याचं नाव माहीत नाही. हे सांगायची जबाबदारी तू घे.

आता ज्या पिक्चरबद्दल तू मला खास विचारलंस त्याकडे येते. 'मिसेस'. फेब्रुवारी 2025मध्ये घरोघरी ओटीटीवर आला. मूळ मल्याळम 'द ग्रेट इंडियन किचन' 2021चा, जिओ बेबी यांचा. हिंदीत तो केला आरती कडव यांनी, आणि त्या आपल्या नागपूरच्या, याचा मला फार अभिमान वाटतो. सान्या मल्होत्रानं केलेली रिचा लग्न होऊन सासरी येते. कुणी तिला मारत नाही, हुंड्याचं नाव काढत नाही, सगळे गोड बोलतात. फक्त चटणी मिक्सरमध्ये नको, पाट्यावरच वाटलेली हवी. फुलका तव्यावरून थेट ताटात हवा. सिंकखालचा पाइप गळतो, ती सांगत राहते, नवरा "बघतो" म्हणतो आणि ती रोज तिथे भांडं ठेवून घाण पाणी उपसते. नाच शिकलेल्या, नाचावर जीव असलेल्या मुलीचे दिवस त्या ओट्याभोवती संपायला लागतात.

या पिक्चरवरून देशभर भांडणं झाली. पुरुषांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संघटनेनं उघड आक्षेप घेतला, घरकामात कसला आलाय ताण असा सूर लावला. तेव्हा तुझ्या घरीही वाद झाला असेल तर नवल नाही. तू म्हणालीस की बघताना तुझे डोळे भरून आले, आणि सासूबाई उठून आत गेल्या. नवरा मोबाइल बघायला लागला. मग कुणीच काही बोललं नाही.

अशा वेळी दोन गोष्टी टाळ. पहिली, टोमणा. "बघा बघा, असंच असतं" किंवा "कुणाला ओळखीचं वाटतंय का?" असं म्हटलं की समोरचा माणूस पिक्चर विसरतो आणि स्वतःचा बचाव करायला लागतो. दुसरी, सगळा हिशेब त्याच रात्री मांडायचा मोह. पिक्चरमधल्या बाईसाठी बोलायचं तर पिक्चरमधल्या बाईसाठीच बोल. "तो पाइप एका प्लंबरला बोलावून दुरुस्त होण्यासारखा होता, तरी कुणी बोलावला नाही, याचाच मला सगळ्यात राग आला," एवढं शांतपणे सांग आणि थांब. त्या वाक्यात सगळं येतं. ज्याला कळायचं त्याला कळतं, आणि कळायला त्याला रात्रभराचा वेळही मिळतो. दुसऱ्या दिवशी तुझ्या घरातलं जे काही गळत असेल, त्याबद्दल वेगळं बोल. तेव्हा मात्र पिक्चरचा आडोसा घेऊ नकोस, स्वतःच्या नावानं बोल.

आणि सासूबाई उठून गेल्या याचा अर्थ त्यांना राग आला, असं धरून चालू नकोस. पाट्यावर चटणी वाटण्यात ज्यांच्या हाताची कातडी गेली त्या बाईला तो पिक्चर तुझ्यापेक्षा जास्त लागू शकतो. त्यांच्याशी एकटीनं बोल. दुपारी दोघीच असाल तेव्हा 'उंबरठा' लाव. जब्बार पटेल यांचा, 1982चा. शांता निसळ यांची कादंबरी, तेंडुलकरांची पटकथा. आपल्या रेशीमबागेतल्या सभागृहाला ज्यांचं नाव दिलंय त्या सुरेश भटांच्या शब्दांना हृदयनाथ मंगेशकरांनी चाली दिल्यात. स्मिता पाटीलची सुलभा सुखवस्तू घर आणि लहान मुलगी मागे ठेवून महिलाश्रमाची अधीक्षिका म्हणून दुसऱ्या गावी जाते. सासूबाईंच्या पिढीतल्या बायकांनी तो पाहिलेला असतो आणि त्यावर त्यांचं ठाम मत असतं, पण ते त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. तू विचार. "आई, तिनं मुलीला ठेवून जायला नको होतं, असं तेव्हा तुम्हाला वाटलं होतं का? आता काय वाटतं?" त्या काय म्हणतील ते मला सांगता येणार नाही. पण त्या बोलतील आणि तुला त्या नव्यानं कळतील, याची खात्री देते. मत सांगायला शिकायचं तर मत विचारायलाही शिकावं लागतं, आणि घरात ज्यांना कुणीच विचारत नाही त्यांच्यापासून सुरुवात करावी.

मोठ्यांशी मत जुळलं नाही तर? 'झुंड'चं उदाहरण घे, कारण त्यावर नागपुरात घरोघरी दोन तट पडले. नागराज मंजुळे यांचा हा पिक्चर मार्च 2022मध्ये आला. हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांना पावसात खेळताना पाहिलं आणि 2001 साली त्यांच्यासाठी फुटबॉल सुरू केलं, तीच ही गोष्ट. बच्चन साहेब मास्तरांच्या भूमिकेत आणि त्यांच्यासमोर आपल्या इथल्या वस्त्यांतली पोरं, आपली भाषा बोलणारी. कुणी म्हणतं, "बाप्पा, तीन तास! किती लांबवला." कुणी म्हणतं, चोऱ्यामाऱ्या आणि मारामाऱ्या दाखवून नागपूरचं नाव खराब केलं.

समज, सासरे असं म्हणाले. त्यांना एकदम खोडू नकोस. त्यांचं जे पटतं ते आधी मान्य कर. लांबी जास्त आहे, मध्यंतरानंतर तो रेंगाळतो, हे मलाही पटतं. मग तुझं सांग. मास्तरांच्या घरी ती मुलं जमिनीवर बसून एकेक करून आपली कहाणी सांगतात, तो प्रसंग आठव. कुणी नटाचा आव आणत नाही. आजवर त्यांना "तुझं काय?" असं कुणी विचारलेलंच नव्हतं, हे त्यांच्या अडखळण्यातून दिसतं. किंवा पासपोर्टसाठी ओळखीचा पुरावा गोळा करत बापलेक एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत हिंडतात ते आठव. रिंकू राजगुरूनं ती आदिवासी मुलगी केलीय. "बाबा, मला त्या बापाच्या चपलांकडे बघवेना," असं काही तू म्हणालीस तर त्यावर वाद होत नाही. आणि मग विचार, की कॉलेज आणि वस्तीच्या मधे ती जी भिंत दाखवलीय, तशी भिंत आपल्या कॉलनीच्या मागेही आहे ना? पलीकडे कोण राहतं ते आपल्याला माहीत आहे का? नाव खराब झालं की खरं दिसलं, हे मग ज्याचं त्यानं ठरवावं.

एका बाबतीत मात्र जपून राहा. काही पिक्चर आपल्या गावच्या खऱ्या जखमांवर बेतलेले असतात. ऑगस्ट 2021मध्ये '200 हल्ला हो' आला, त्यात रिंकू राजगुरू आहे, अमोल पालेकर आहेत. पुढच्या वर्षी उमेश कुलकर्णी यांनी केलेली माहितीपट मालिकाही आली. दोन्हींच्या मुळाशी कस्तुरबानगरची घटना आहे. वर्षानुवर्षं वस्तीतल्या बायकांवर अत्याचार करणाऱ्या अक्कू यादवला 13 ऑगस्ट 2004 रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात जमावानं ठार मारलं. त्यात वस्तीतल्या बायका पुढे होत्या. खटला दहा वर्षं चालला आणि 2014मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले.

हा पिक्चर बघून कुणी हॉलमध्ये टाळ्या वाजवेल, कुणी म्हणेल कायदा हातात घेणं चूक. दोन्ही बाजूंनी बोलता येतं आणि बोलावंही. माझं मत विचारशील तर मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत नाहीत. बायकांना इतकी वर्षं पोलिसांकडून न्याय मिळाला नाही, याची मला लाज वाटते. पण ज्या बायकांनी ते भोगलं त्या याच शहरात राहतात, हे विसरून बोलू नये. तुझ्याकडे कामाला येणाऱ्या ताई त्या भागातल्या असतील, शेजारच्या काकूंचं माहेर तिकडचं असेल. अशा पिक्चरवर चवीनं बोलू नये, आणि त्यातल्या अत्याचाराच्या प्रसंगांची कोणी हुबेहूब वर्णनं करायला लागलं तर "राहू द्या, ते नको" असं सरळ म्हणावं. तेही मतच आहे. घरातली चौदा-पंधरा वर्षांची मुलं सोबत बसणार असतील तर तू आधी एकटीनं बघून घे.

लहान मुलांचं निघालं म्हणून सांगते. त्यांच्यासमोर आपण आधी बोललो की ती आपलंच बोलतात. म्हणून त्यांना पहिला नंबर दे. 'नाळ' लाव त्यांच्याबरोबर. 2018चा, सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा. चैत्या झालेल्या श्रीनिवास पोकळेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच्या तोंडची वऱ्हाडी ऐकून शहरातल्या पोरांना हसू येईल. हसू दे. मग विचार, "चैत्याला आपली आई खरी नाही असं वाटायला लागतं, तेव्हा तू असतास तर काय केलं असतंस?" आणि उत्तर आलं की दुरुस्त करू नकोस. सात वर्षांच्या पोराचं मत सगळ्या घरानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हे त्या पोराला आयुष्यभर पुरतं. आणि तुझ्या मुलीनं आपल्या आईला मत मांडताना पाहिलं, तर तिला असं पत्र लिहायची वेळ कुणावर येणार नाही.

आता तू विचारशील, एवढं करूनही कुणी हसलं तर? "वा, समीक्षक झाली आमची" असं दीर म्हणाला तर? तू हसून गप्प बसू नकोस आणि चिडूही नकोस. पुन्हा त्याच प्रसंगावर ये. "ते राहू द्या भाऊजी, तुम्हाला तो प्रसंग कसा वाटला ते सांगा." चेष्टा करणाऱ्याला प्रश्न विचारला की त्याला उत्तर द्यावं लागतं. दोनतीनदा असं झालं की चेष्टा थांबते. नवऱ्यालाही एकांतात सांगून ठेव, की मी बोलत असताना तू मधे माझं वाक्य पुरं करू नकोस, मला करू दे. चांगला माणूस असेल तर एवढं नक्की ऐकेल.

आणि काही सवलतीही घे. प्रत्येक पिक्चरवर मत असलंच पाहिजे असं नाही. "मला अजून ठरवता येत नाही" हे म्हणायला हरकत नाही. आज आवडलेला पिक्चर पुढच्या वर्षी आवडला नाही, तर तेही मोकळेपणानं सांगावं. सगळ्यांना आवडलेला मारधाडीचा पिक्चर तुला सहन झाला नाही तर उठून जा, पण नंतर का उठलीस ते सांग. आणि एखादा साधा विनोदी पिक्चर तुला मनापासून आवडला तर लाजू नकोस. जगानं नावाजलेलंच आपल्याला आवडलं पाहिजे, असा काही नियम नाही.

तेव्हा येत्या रविवारी पिक्चर तू निवड. संपला की लगेच उठू नकोस, नावं वर जाईपर्यंत बसून राहा, आणि मोठ्यांमध्ये सगळ्यांच्या आधी तू बोल. एकच प्रसंग, तीनचार वाक्यं, सुरुवात "मला वाटलं" अशी. आवाज खणखणीत ठेव, कुलर चालू असतो. आणि कोण काय म्हणालं ते मला सोमवारी फोन करून सांग. मी वाट बघते आहे, आणि तुझं मत ऐकायचंय मला.